माळ्यावरचं हॅम स्टेशन खाली काढण्याआधी

प्रश्न देवगडहून आला आहे. आजोबा परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक होते. त्यांचं स्टेशन बरीच वर्षं मांगराच्या (शेतघराच्या) माळ्यावर पडून आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सरप्लस मालातला एक रिसीव्हर, घरी बांधलेला ८१३ जातीच्या व्हॉल्व्हचा (काचेच्या रेडिओ-नळीचा) एएम ट्रान्समीटर, त्याचा वेगळा जड पॉवर सप्लाय, तेलाने भरलेल्या डब्यातला डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा), बिस्किटांच्या डब्यात सुटे मीटर आणि स्विच, शिवाय दोन-तीन तपकिरी बाटल्या. नातवाला पावसाळ्याआधी हे सगळं खाली आणायचं आहे. कंप्रेसरने धूळ उडवायची, पॉलिश पेपर मारून चासी (पत्र्याचा सांगाडा) रंगवायची, रिसीव्हर तरी बोलता करायचा आणि उरलेलं भंगारात द्यायचं, असा बेत आहे. घरात चार वर्षांची मुलगी आहे, म्हणून विचारलं आहे की यात विषारी काही असतं का.

असतं, आणि एका प्रकारचं नाही. म्हणून कंप्रेसर, पॉलिश पेपर आणि भंगारवाला या तिघांनाही तूर्त थांबवा. या जुन्या सेटांमधले बहुतेक घातक पदार्थ काचेच्या, पत्र्याच्या नाहीतर वार्निशच्या आत बंद असतात आणि तिथे असेपर्यंत कुणाला काही करत नाहीत. ते अंगात जातात ते धूळ होऊन, वाफ होऊन किंवा कातडीतून, आणि ही धूळ नि वाफ बहुतेक वेळा आपणच साफसफाई करताना तयार करतो. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आलेल्या सेटांत मला जुनेपणापेक्षा घाईघाईने केलेल्या साफसफाईची भीती जास्त वाटत आली आहे.

किनाऱ्यावर यात आणखी एक भर पडते. परदेशी हॅम मंडळी लिहितात की सीलबंद आहे तोवर निश्चिंत राहा. त्यांच्या कोरड्या तळघरात ते खरं आहे. आपल्याकडे खारा वारा आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा यांनी ते सील किती ठेवलं आहे, हे प्रत्येक नग हातात घेऊन बघावं लागतं. पुण्यात साठ वर्षं शाबूत राहिलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) देवगडात सांध्याला गंजून पाझरलेला असू शकतो.

विषाकडे वळण्याआधी विजेचं एक सांगतो. ८१३च्या सप्लायमध्ये दोन हजार व्होल्ट सहज असतात. इतकी वर्षं बंद पडलेल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरण्याची शक्यता नगण्य, पण कुणी मध्येच ‘चालतोय का बघू’ म्हणून प्लग लावला असेल आणि उरलेला चार्ज जिरवणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असेल, तर तो डबा जीव घेऊ शकतो. प्लग काढा, लांब इन्सुलेटेड दांड्याने, आधी रेझिस्टरमधून आणि मग थेट, टर्मिनल शॉर्ट करा आणि तिथे तारेचा तुकडा कायमचा बांधून ठेवा. मोठा कपॅसिटर एकदा शॉर्ट करून सोडला की थोड्या वेळाने पुन्हा व्होल्टेज धरतो, म्हणून तार काढायची नाही.

आता तेल. मला तुमच्या यादीतली सगळ्यात जास्त काळजी याची आहे.

पॉवर सप्लायमध्ये चौकोनी पत्र्याचे, वर चिनी मातीचे दोन बुशिंग असलेले जड डबे असतील. ते तेलाचे कपॅसिटर. १९३०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत अशा कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, म्हणजे पीसीबी नावाचं द्रव सर्रास भरत. ते सहज पेट घेत नाही, वर्षानुवर्षं बिघडत नाही, विजेला दाद देत नाही, म्हणून कारखानदारांना आवडायचं. पण जे बिघडत नाही ते मातीतही बिघडत नाही आणि शरीरातही नाही. चरबीत साठतं, आईच्या दुधातून बाळाला जातं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. १९६८ साली जपानमध्ये कोंड्याच्या तेलाच्या कारखान्यात गरम करायच्या नळीतून पीसीबी गळून खाद्यतेलात मिसळलं आणि हजारो लोक आजारी पडले. अमेरिकेने त्याचं उत्पादन १९७९ साली बंद केलं. आपल्याकडे २०१६चा पीसीबी नियमन आदेश आहे. त्याने आयात-उत्पादन तर थांबवलंच, पण पीसीबी असलेली उपकरणं वापरायलाही ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत घालून दिली. म्हणजे हे कपॅसिटर परत सप्लायमध्ये जोडून चालवण्याचा विचारही आता सोडून द्यायचा.

ओळखायचं कसं? डब्याची प्लेट वाचा. ‘पायरानॉल’, ‘इनरटीन’, ‘डायकॅनॉल’, ‘अ‍ॅरोक्लोर’ किंवा ‘आस्करेल’ यांपैकी काही लिहिलं असेल तर शंका उरत नाही. ‘नो पीसीबी’ असा स्पष्ट शिक्का असेल तर तो नंतरचा, सुरक्षित माल. यांपैकी काहीच नसेल आणि डबा १९८०च्या आधीचा वाटत असेल, तर तो पीसीबीचा धरूनच चला. तार तापवून, तेलात बुडवून ज्योतीचा हिरवा रंग बघायची एक युक्ती जुने लोक सांगतात, ती करू नका. पीसीबी अर्धवट जळलं की त्यातून डायॉक्सिन आणि फ्युरान निघतात आणि ते मूळ द्रवाहून कितीतरी जहाल असतात.

कपॅसिटर उचलण्याआधी टॉर्च तिरका धरून तीन जागा नीट बघा: बुशिंगच्या बुडाशी, वरच्या झाकणाच्या सोल्डरिंगच्या सांध्यावर आणि तळाच्या कडेला. ठणठणीत डब्यावर धूळ सारखी बसलेली असते आणि फुंकरीने हलेल अशी कोरडी असते. पाझरणाऱ्या डब्यावर बुशिंगभोवती काळपट, ओलसर कडं दिसतं, तिथली धूळ चिकटून जाड झालेली असते आणि कोळ्याचं जाळंही त्यात रुतून बसतं. किनाऱ्यावरच्या मालात तळाच्या कडेला गंजाचे पापुद्रे उचललेले असतात आणि पापुद्र्याखाली चकाकी असते. ती चकाकी म्हणजे तेल. बोट लावून बघायचं नाही.

हातमोजे नायट्राइलचे घ्या, मेडिकलमध्ये निळे मिळतात तेच. पांढरे लॅटेक्सचे नकोत, त्यातून पीसीबी लवकर आरपार जातं. मोज्याला तेल लागलं की लगेच बदला. कपॅसिटर उभाच ठेवून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात लाकडाच्या कोरड्या भुशात बसवा. जिथे ठिबकलं असेल तिथे आधी भुसा टाका, तो गोळा करा, मग टर्पेंटाइनचा बोळा आणि शेवटी साबणाचा बोळा फिरवा. बोळे, भुसा, मोजे सगळं त्याच डब्यात. त्या डब्यावर ‘पीसीबी तेल, उघडू नये’ असं मराठीतच मोठ्या अक्षरांत लिहा, कारण उद्या तो डबा घरातलंच कुणीतरी उचलणार आहे.

डमी लोडच्या डब्यातल्या तेलाबद्दल वेगळं सांगावं लागतं. हे डबे तेलाविनाच विकत मिळायचे किंवा घरी बांधले जायचे. तेल ज्याने त्याने आपापलं भरलं. कुणी नवं खनिज तेल भरलं, तर कुणी भंगारातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं. ते दुसरं तेल पीसीबीने मिसळलेलं असण्याची शक्यता असते. पीसीबी पाण्याहून जड असल्याने शुद्ध असेल तर पाण्यात बुडतं, पण खनिज तेलात थोडंसं मिसळलेलं असेल तर ते तेल पाण्यावर तरंगतंच, म्हणून तरंगण्यावर विश्वास ठेवता येत नाही. तपासणी प्रयोगशाळेतच होते आणि दहा लाखांत ५० भाग ही नेहमी धरली जाणारी मर्यादा आहे. आजोबांच्या वहीत तेल कुठून आणलं याची नोंद मिळाली तर शोधा, हॅम लोक असल्या गोष्टी लिहून ठेवतात.

हे तेल कुठेही ओतू नका, असं मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण कोकणात तेलाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. वाळवीसाठी वाशांना आणि दारांच्या चौकटींना काळं तेल चोळायची आपल्याकडे रीतच आहे. होडीच्या लाकडालाही कुणीतरी मागेल. गुडघ्याला चोळायला मागणाराही भेटेल. कुणालाही देऊ नका. परसात, माडाच्या आळ्यात, गडग्याच्या कडेला तर अजिबात नको. आपली जमीन जांभ्याची, भोकाभोकांची. वर ओतलेलं पहिल्या मोठ्या पावसात खाली उतरतं आणि विहीर काही पावलांवर असते. न्हाणीच्या चुलीत किंवा भाजावळीत पालापाचोळ्याबरोबर जाळणं हा सगळ्यात वाईट मार्ग. कारण वर सांगितलंच आहे.

तुम्ही लिहिलंय की सप्लायमध्ये निळसर काचेचे दोन व्हॉल्व्ह आहेत. ते ८६६ किंवा ८६६ए असणार, म्हणजे पाऱ्याच्या वाफेचे रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे). चालू असताना आत निळा उजेड पडतो, बंद असताना काचेच्या आतून चंदेरी थर किंवा बारीक थेंब दिसतात. तो खरा पारा. काच शाबूत असेपर्यंत काही नाही. पण माळ्यावरून शिडीने उतरवताना एक निसटला, तर घरभर पारा. म्हणून हे दोन व्हॉल्व्ह सप्लायमधून आधी काढा, सप्लाय नंतर उतरवा. एकेक फोमात गुंडाळून, उभा, वेगळ्या घट्ट डब्यात.

फुटलाच तर मुलीला आणि गरोदर बाई असेल तर तिला आधी बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, पंखा लावू नका. तुमच्या अंगावरचं सोनं काढून ठेवा, अंगठी असो की मंगळसूत्र, पारा सोन्याला लगेच धरतो आणि मग सुटत नाही. केरसुणी मारायची नाही, कारण केरसुणीने थेंबाचे शंभर थेंब होतात आणि वाफ वाढते. व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच, तो वाफ खोलीभर फेकतो. पोस्टकार्डासारख्या दोन जाड कागदांनी थेंब एकमेकांकडे लोटत गोळा करा, बारीक राहिलेले ड्रॉपरने किंवा चिकटपट्टीने उचला आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. उरल्यासुरल्या जागेवर गंधकाची भुकटी पसरा. हापूसच्या मोहोरावर भुरी येऊ नये म्हणून तुमच्या घरी गंधक असणारच, तेच चालतं. पारा आणि गंधकाचं मिश्रण होऊन वाफ कमी होते. पण हे काम सावकाश होतं, म्हणून रात्रभर राहू द्या आणि मग ओल्या कागदाने उचला. फरशी असेल तर एवढ्याने भागतं. मांगराची जमीन शेणाने सारवलेली असेल तर पारा तिच्यात उतरतो, पुसून निघत नाही. तिथली वरची बोटभर माती खरवडून बरणीत भरायची आणि जागा नव्याने करायची. सारवायची घाई करू नका, वर थर दिला की पारा खालीच राहतो आणि वर्षानुवर्षं वाफ सोडतो.

या व्हॉल्व्हच्या जागी आता योग्य रिव्हर्स व्होल्टेजच्या सिलिकॉन डायोडची साखळी बसवतात, आणि मी प्रत्येकाला तेच करायला सांगतो. पण मूळ स्वरूपातच ठेवायचा हट्ट असेल, तर वाहतुकीनंतर पहिल्यांदा नुसतं फिलामेंट निदान अर्धा तास तापवायचं, हाय टेन्शन, म्हणजे मोठं व्होल्टेज, नंतर. आडवा झालेला पारा जागेवर बसण्याआधी हाय टेन्शन दिलं तर आत ठिणगी पडून व्हॉल्व्ह जातो.

८१३मध्ये थोरियम मिसळलेल्या टंगस्टनचं फिलामेंट असतं. थोरियम किरणोत्सारी आहे हे वाचून घाबरू नका, प्रमाण फार थोडं आणि काचेच्या आत. फुटला तर ओल्या कागदाने तुकडे उचलून पिशवीत घाला, एवढं पुरे.

खरी किरणोत्साराची गोष्ट बिस्किटांच्या डब्यात आहे. लढाईच्या काळातल्या विमानांतले आणि लष्करी सेटांवरचे मीटर, डायल आणि टॉगल स्विच अंधारात दिसावेत म्हणून त्यांच्यावर रेडियमचा रंग लावत. आज तो रंग चमकत नाही, म्हणून लोक समजतात की जोर संपला. संपलेली असते ती रंगातली चमकणारी झिंक सल्फाइडची भुकटी, किरणांनी तीच आधी मरते. रेडियम-२२६चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे, म्हणजे १९४३ सालच्या डायलवरचं रेडियम आज जवळपास तेवढंच आहे. आकड्यांवर किंवा काट्याच्या टोकावर मळकट पिवळा, तपकिरी, भेगाळलेला जाडसर रंग दिसला की संशय घ्या. काच लावलेली असताना तुमच्या टेबलावर त्याच्यापासून फारसा धोका नाही. धोका आहे तो रंगाच्या पापुद्र्याचा. अल्फा कण कातडीने अडतात, पण पापुद्र्याची धूळ श्वासात किंवा तोंडात गेली की रेडियम कॅल्शियमच्या वाटेने हाडांत जाऊन बसतं. अमेरिकेत १९१७ नंतर घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचं टोक ओठांनी निमुळतं करत. त्यांच्या जबड्याची हाडं गेली, कित्येकींचा जीव गेला.

त्यामुळे मीटर उघडायचा नाही, काच साफ करायला काढायची नाही, आतला काटा सरळ करायचा मोह टाळायचा. काच तडकलेली असेल तर वरून चिकटपट्टी लावून, पिशवीत घालून, बंद डब्यात. छोटा गायगर काउंटर आता ऑनलाइन मिळतो. रेडियमच्या डायलजवळ नेला तर काचेवरूनही मोजणी स्पष्ट वाढते. तुमच्या भागातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातही तो असतो, मागायला संकोच करू नका. बिस्किटांचा तो डबा झोपायच्या खोलीत ठेवू नका, रेडियममधून रेडॉन वायू सतत निघत असतो. हवा खेळती असलेल्या, कुलूप लागणाऱ्या जागी ठेवा. आणि मुलीच्या हाती तो डबा पडू देऊ नका, जुने गोल डायल मुलांना खेळायला फार आवडतात.

हे भंगारात का द्यायचं नाही, त्याला एक उदाहरण पुरेसं आहे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेलं जुनं उपकरण फोडलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. एक माणूस मेला, बाकीचे भाजले. तुमच्या मीटरशी त्या स्रोताची ताकदीत तुलनाच नाही, पण वाट तीच आहे: ज्याला काय आहे ते माहीत आहे त्याच्या हातून, ज्याला माहीत नाही त्याच्या हातोड्याखाली.

आता चासी, म्हणजे तुमचा पॉलिश पेपर. लढाईच्या काळातल्या सेटांच्या पत्र्याला आणि स्क्रूंना कॅडमियमचा मुलामा असायचा, कारण खाऱ्या हवेत तो टिकतो. पण कायमचा नाही. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं राहिलेल्या सेटाच्या कोपऱ्यांत, स्क्रूच्या डोक्यांवर, ट्रान्सफॉर्मरच्या क्लॅम्पखाली पांढरट किंवा पिवळसर पीठ साचलेलं दिसेल. नुसत्या नजरेने ते जस्ताचं की कॅडमियमचं हे सांगता येत नाही, म्हणून कॅडमियम धरायचं. कॅडमियम मूत्रपिंडं खराब करतं, धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगाचा धोका. या पिठावर कंप्रेसर मारला तर ते सगळं तुमच्या नाकात आणि माजघरात. तारेचा ब्रश, सँडपेपर, ड्रिलवरचं बफ, सगळं वर्ज्य. एन-९५ मास्क, मोजे, भांड्याच्या साबणाचं थोडं पाणी आणि जुनी फडकी. कोपऱ्यांत ओला कानाचा बोळा. फडकं पुन्हा बादलीत पिळायचं नाही, प्रत्येक वेळी नवं घ्यायचं आणि वापरलेलं पिशवीत टाकायचं. कोरडं झालं की पारदर्शक लॅकरचा एक हात द्या, म्हणजे उरलेलं जागेवर बांधलं जातं. चमक येणार नाही. त्या वयाच्या चासीला चमक हवीच कशाला.

कोकम, चिंच, लिंबू लावू नका. तांब्या-पितळेला आमसुलाने उजळायची सवय असते, हात आपोआप तिकडे जातो. आम्लात कॅडमियम विरघळतं आणि त्याचे क्षार धुळीपेक्षा सहज पोटात जातात. तसंच या चासीवर गॅस वेल्डिंग किंवा ब्रेझिंग कधी करून घेऊ नका. कॅडमियम साधारण ३२१ अंशांना वितळतं आणि ७६७ अंशांना उकळतं, ज्योतीखाली त्याचा धूर होतो. तो धूर घेतलेल्या माणसाला त्या वेळी फारसं काही जाणवत नाही. काही तासांनी ताप, खोकला, धाप लागते आणि फुप्फुसं पाण्याने भरून मृत्यूही येऊ शकतो. नाक्यावरच्या फॅब्रिकेटरला तुटलेला ब्रॅकेट जोडायला देताना त्याला हे माहीत असणार नाही. नवा ब्रॅकेट करून घ्या.

काही लष्करी सेटांवर आतल्या सगळ्या भागांवर पिवळट वार्निशचा थर दिसतो. तो दमट प्रदेशांसाठी बुरशी लागू नये म्हणून दिलेला, आणि त्या काळच्या काही वार्निशांत पाऱ्याची संयुगं घालत. खरवडू नका. त्यावर सोल्डरिंग करायचं झालं तर खिडकीशी बसा आणि छोट्या पंख्याने धूर बाहेर ओढा.

ट्रान्समीटरच्या पेटीत वरच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या डोक्यावर, करड्या पुठ्ठ्यासारखा मऊ तक्ता असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. जुन्या काही एसी-डीसी रेडिओंच्या मेनच्या दोरीतही अ‍ॅस्बेस्टॉसवर गुंडाळलेली रेझिस्टन्सची तार असे. आपण अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याखाली वाढलो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. पत्र्यात तो सिमेंटमध्ये आवळलेला असतो, या मऊ तक्त्यात तो सुटा असतो आणि बोटाने दाबलं तरी तंतू उडतात. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून पूर्ण भिजवा, एकसंध उचला, दोन पिशव्यांत बांधा. कापायचा नाही, मोडायचा नाही.

सेलेनियम रेक्टिफायर, म्हणजे एकावर एक रचलेल्या चौकोनी पत्र्यांचा गड्डा, दिसला तर तो काढून सिलिकॉन डायोड आणि मालिकेत एक रेझिस्टर लावा. रेझिस्टर लागतोच, कारण डायोडमध्ये व्होल्टेज कमी पडतं आणि पुढच्या भागांना जास्त जातं. सेलेनियमचा गड्डा जळतो तेव्हा सडक्या मुळ्यासारखा असह्य वास येतो आणि तो वायू विषारी असतो. वास आला की प्लग काढा आणि खोली सोडा.

तुमच्या यादीत नंतरच्या काळातला, सिग्नलची ताकद वाढवणारा लिनियर अ‍ॅम्प्लिफायर नाही, पण माळ्यावर निघालाच तर ध्यानात ठेवा: १९७०-८०च्या काही पॉवर ट्रान्झिस्टरांत आणि ८८७३ जातीच्या व्हॉल्व्हसोबतच्या उष्णतावाहक ठोकळ्यात बेरिलियम ऑक्साइडचं पांढरं सिरॅमिक असतं. अखंड असेल तर निर्धोक. कानसलं, फोडलं, घासलं तर त्याची धूळ फुप्फुसाला कायमचा आजार देते.

तपकिरी बाटल्यांवर ‘सीटीसी’ किंवा कार्बन टेट्राक्लोराइड लिहिलेलं असेल तर वास घेऊन खात्री करू नका. जुने मेकॅनिक कॉन्टॅक्ट धुवायला ते वापरत. यकृत आणि मूत्रपिंडं दोन्ही खराब करतं, दारू पिणाऱ्याला तर फार लवकर. बूच न उघडता बाटली उभी, सावलीत.

आणि उंदीर. माळा म्हटला की उंदीर आलेच आणि सिंधुदुर्गात लेप्टो म्हणजे काय हे मी सांगायला नको. वाळलेल्या लेंड्यांत लेप्टोचे जंतू टिकत नाहीत, पण पावसाचं पाणी गळून ओलं झालेल्या पेटीत टिकू शकतात. पुरात बुडालेल्या सेटाला तर हाताला जखम असताना मोज्याशिवाय हात लावूच नये. २०२१च्या चिपळूणच्या पुरानंतर कित्येकांनी असे रेडिओ हौसेने उघडले असतील. लेंड्या ओल्या करून उचला, झाडू नका.

गोळा झालेल्या डब्यांचं काय करायचं? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, तुमचा भाग ज्याच्याकडे येतो त्या कार्यालयाला लेखी पत्र द्या. सोबत यादी, अंदाजे वजन आणि फोटो जोडा. राज्यात घातक कचऱ्याच्या अधिकृत सुविधा आहेत, त्यांपैकी एक रायगडातल्या तळोजा एमआयडीसीत. एकट्या घराचे दोन-चार किलो घ्यायला टाळाटाळ होऊ शकते. अशा वेळी आसपासच्या जुन्या हॅमच्या घरांतला माल एकत्र करून एकच पत्र दिलं तर गाडी हलते. नगरपंचायतीलाही घरगुती घातक कचरा वेगळा घेणं नियमाने बंधनकारक आहे, म्हणून पत्राची प्रत तिथेही द्या आणि पोच घ्या. रेडियमच्या वस्तूंसाठी मुंबईत अणुशक्तीनगरला अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. त्यांना आधी लिहा, वस्तू कुरिअरने किंवा एसटीने पाठवू नका. ट्रान्समीटर स्वतःला परवाना नसताना हवेवर आणता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

पावसाळ्याला दिवस थोडे असतील तर सगळं एकदम उतरवायच्या मागे लागू नका. या महिन्यात फक्त कपॅसिटर, डमी लोड आणि पाऱ्याचे व्हॉल्व्ह एवढंच खाली आणून डब्यांत बंद करा, कारण छप्पर गळलं तर विहिरीपर्यंत जाणारा माल तोच. मीटरचा डबा आहे तिथून हलवून कुलपात ठेवा. बाकीच्यावर ताडपत्री टाका. रिसीव्हरला दिवाळीनंतर कोरडी हवा सुटल्यावर हात घाला, तेव्हा ओलंही कमी आणि उघड्या खिडकीशी बसून काम करताही येतं. तोवर कपॅसिटरच्या प्लेटांचे फोटो, अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून काढून पाठवा, म्हणजे कोणता डबा कशाचा हे नगवार सांगता येईल.